किंकाळी कोणाची? एका चित्राची आणि एका शब्दाची कथा

१

ज्यांनी ती प्रत्यक्ष कधीही पाहिलेली नाहीत त्यांनाही ओळखता येतात, अशी चित्रे जगात फार थोडी आहेत. लिओनार्दोची मोनालिसा हे त्यांतले एक. नॉर्वेजियन चित्रकार एडवर्ड मुंक (१८६३–१९४४) याचे 'द स्क्रीम' या इंग्रजी नावाने सर्वतोमुखी झालेले चित्र हे दुसरे. रक्तासारखे लाल-केशरी आकाश, खाली काळसर निळी खाडी, डावीकडून तिरपा येणारा पूल किंवा कठडा असलेला रस्ता, आणि अगदी समोर, कवटीसारखा चेहरा असलेली, स्त्री की पुरुष हेही न कळणारी एक वाकडीतिकडी आकृती. तिचे दोन्ही हात कानांवर आहेत आणि तोंड उघडे आहे. मागे, दूरवर, दोन माणसे आपल्या वाटेने चाललेली आहेत.

हे चित्र वर्गात दाखवून 'या चित्रात कोण किंचाळते आहे?' असा प्रश्न केला, तर बहुतेक विद्यार्थी क्षणाचाही विचार न करता समोरच्या आकृतीकडे बोट दाखवतात. त्यात त्यांचा दोष नाही. चित्राच्या नावानेच त्यांना तसे पाहायला शिकवलेले असते. परंतु जी व्यक्ती स्वतः किंचाळते, ती आपले कान का झाकून घेईल, हा साधा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही. या प्रश्नाचा मागोवा घेतला, तर एका चित्राचा इतिहास हाती लागतोच. शिवाय एखादा शब्द चित्राला चिकटला की तो पाहण्याची दिशा कशी ठरवतो आणि पुढे तोच शब्द रोजच्या वापरात कसा हलका होत जातो, याचाही इतिहास हाती लागतो. साहित्याच्या अभ्यासकाला दुसऱ्या इतिहासाचे मोल अधिक वाटावे, असे आम्हांला वाटते.

२

चित्राची सुरुवात रंगांनी नव्हे, शब्दांनी झाली, ही गोष्ट प्रथम नोंदवायला हवी. मुंकच्या वहीत २२ जानेवारी १८९२ या तारखेची, फ्रान्समधील नीस येथे लिहिलेली एक नोंद आहे. तिचा आशय असा : तो दोन मित्रांसह रस्त्याने चालला होता, सूर्य मावळत होता, एकाएकी आकाश रक्तासारखे लाल झाले, तो थकून कठड्याला टेकला, मित्र पुढे चालत राहिले, तो मात्र भीतीने थरथरत तिथेच उभा राहिला आणि निसर्गातून एक प्रचंड, अंत नसलेली किंकाळी जात असल्याचे त्याला जाणवले. हा प्रसंग क्रिस्तियानियाजवळच्या एकेबर्ग टेकडीवरचा मानला जातो. क्रिस्तियानिया हे आजच्या ओस्लो शहराचे १९२४ अखेरपर्यंतचे नाव.

या नोंदीतील वाक्यरचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. 'मी किंचाळलो' असे मुंक कुठेही म्हणत नाही. किंकाळी निसर्गाची आहे, किंवा निसर्गातून आरपार जाणारी आहे. तिचा कर्ता नेमका कोण, हे तो सांगत नाही. ऐकणारा कोण, एवढेच सांगतो. आणि पुढे चालत गेलेल्या दोघांना ती ऐकू आलेली नाही. म्हणजे मूळ अनुभवात तीन घटक आहेत : किंचाळणारे विश्व, ती किंकाळी सहन न होणारा एक जीव आणि काहीच न ऐकणारे दोन सोबती. चित्रात हे तिन्ही घटक जसेच्या तसे उतरले आहेत.

हा अनुभव मुंकने पुन्हा पुन्हा लिहिला. शब्द बदलले, क्रम बदलला, गाभा तोच राहिला. त्यावरचे पहिले चित्र १८९२ मधले. 'निराशा' अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाणारे हे चित्र स्टॉकहोमच्या थील संग्रहालयात आहे. आकाश तेच, कठडा तोच, दूर जाणारे दोघे तेच. परंतु समोर टोपी घातलेला, मान खाली घालून खाडीकडे पाहणारा एक गृहस्थ बाजूने दिसतो. हे चित्र बोलके आहे, पण ते विचारमग्न माणसाचे चित्र आहे. किंकाळी त्यात नाही. पुढच्या वर्षी मुंकने त्या गृहस्थाला काढून टाकले, आकृती प्रेक्षकाकडे वळवली, तिचे केस, कपडे, वय, लिंग या सगळ्या खुणा पुसून टाकल्या आणि तिचे हात कानांवर नेऊन ठेवले. एका माणसाच्या खिन्नतेचे चित्र कोणाच्याही भीतीचे चित्र झाले ते या फेरफारामुळे.

मुंकच्या आयुष्याची हकीकत येथे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. तो पाच वर्षांचा असताना, १८६८ मध्ये, आई क्षयाने गेली. १८७७ मध्ये मोठी बहीण सोफी त्याच रोगाने गेली. लष्करात डॉक्टर असलेले वडील कमालीचे धार्मिक होते आणि १८८९ मध्ये त्यांचाही मृत्यू झाला. लाउरा ही धाकटी बहीण मनोरुग्ण झाली. या माहितीवरून चित्राचा अर्थ लावण्याचा मोह स्वाभाविक आहे. तो मोह थोडा आवरावा, असे आमचे मत आहे, आणि त्याचे कारण पुढे चित्राच्या स्वीकाराच्या इतिहासात आपोआप येईल.

३

ध्वनीचे चित्र काढता येते का, हा प्रश्न मुंकच्या आधी सव्वाशे वर्षे युरोपच्या कलाविचारात गाजत होता. साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लेसिंगचा 'लाओकून' (१७६६) हा ग्रंथ परिचित असतो. १५०६ मध्ये रोम येथे सापडलेल्या प्राचीन शिल्पात सापांच्या विळख्यात सापडलेला पुरोहित लाओकून आणि त्याचे दोन पुत्र दिसतात. व्हर्जिलच्या महाकाव्यात हाच लाओकून आकाशाला भिडेल असा आक्रोश करतो. शिल्पात मात्र त्याचे तोंड जेमतेम उघडले आहे, जणू तो केवळ कण्हतो आहे. असे का? विंकेलमानने याचे श्रेय ग्रीकांच्या उदात्त संयमाला दिले होते. लेसिंगचे उत्तर वेगळे होते : किंचाळणे ग्रीकांना लाजिरवाणे वाटत नव्हते, परंतु काव्य काळात उलगडते आणि शिल्प-चित्र अवकाशात स्थिर असते. कवितेतली किंकाळी ऐकू येऊन संपते. चित्रातले वासलेले तोंड कायमचे वासलेले राहते, आणि ते रंगांत एक डाग, दगडात एक खड्डा एवढेच उरते. पुढे शोपेनहाउअरने हा विचार अधिक टोकाला नेला. किंकाळीचे सार तोंड उघडण्यात नसून आवाजात आहे, म्हणून दगडातून किंचाळणारा लाओकून घडवताच येणार नाही. घडेल तो फक्त तोंड वासून व्यर्थ धडपडणारा, आवाज घशातच अडकलेला लाओकून, असे त्याचे म्हणणे.

मुंकचे चित्र या दोघांना मिळालेले उत्तर म्हणून पाहता येते. मुंकने शोपेनहाउअर कधी वाचला, किती वाचला, हा प्रश्न येथे गौण आहे. त्याने तोंड उघडे ठेवले हे खरे, पण किंकाळी त्या तोंडात ठेवली नाही. ती आकाशाच्या पट्ट्यांत, खाडीच्या वळणांत, किनाऱ्याच्या रेषांत ठेवली. पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या लहरींसारख्या या रेषा सगळ्या चित्रभर पसरतात आणि समोरच्या आकृतीच्या देहापर्यंत येऊन पोहोचतात. तिचा देह त्याच लयीत वाकतो. न वाकणाऱ्या गोष्टी दोनच : सरळसोट कठडा आणि त्यावरून ताठ चाललेले दोघे. ऐकणाऱ्याच्या देहात लहर शिरली आहे, न ऐकणाऱ्यांच्या देहात शिरलेली नाही. ध्वनीचे चित्र काढता येत नसेल, पण ध्वनीने काय होते याचे चित्र काढता येते, हे मुंकने दाखवून दिले. आवाज घशात अडकलेला नाही. तो घशाबाहेर, सर्वत्र आहे.

४

आता नावाकडे वळू. नॉर्वेजियन भाषेत हे चित्र 'स्क्रीक' या एकाच शब्दाने ओळखले जाते. इंग्रजी 'स्क्रीम' मराठी वाचकाला नाट्यमय, क्वचित चित्रपटी वाटतो. 'स्क्रीक' हा शब्द मात्र नॉर्वेच्या घराअंगणातला आहे. तान्हे मूल टाहो फोडते ते 'स्क्रीक'. समुद्रपक्ष्यांचा कर्कश आवाज 'स्क्रीक'. काही बोलींत साधे रडणेही याच क्रियापदाने सांगतात. जंगलात फळांच्या बिया दडवून ठेवणाऱ्या एका गोंगाट्या पक्ष्याचे नावच 'कवचीफळांवर किंचाळणारा' अशा अर्थाचे आहे. सतत रडणाऱ्या पोरालाही याच शब्दावरून बनलेले विशेषण लावतात. भडक रंगांना 'किंचाळणारे रंग' म्हणतात. आणि नवीनतम फॅशनला तेथे 'शेवटची किंकाळी' म्हणण्याची रीत आहे; हा वाक्प्रचार मूळचा फ्रेंच, तेथून तो जर्मनमध्ये आणि नॉर्वेजियनमध्येही शब्दशः उतरला.

जर्मन भाषेचा येथे विशेष संबंध येतो, कारण चित्राचे पहिले जाहीर दर्शन बर्लिनमध्ये, डिसेंबर १८९३ मधल्या प्रदर्शनात घडले. प्रेमविषयक एका चित्रमालिकेचा भाग म्हणून ते तेथे टांगले होते. जर्मनमध्ये किंकाळीला दोन जवळचे शब्द आहेत. 'श्राइ' म्हणजे एक किंकाळी, एकदा उठून संपणारी. 'गेश्राइ' म्हणजे सतत चाललेला, अनेकांचा किंवा पुन्हा पुन्हा उठणारा आरडाओरडा. त्या शब्दाला किंचित तुच्छतेची छटाही आहे. १८९५ मध्ये मुंकने बर्लिनमध्ये या चित्राची शिळाछाप आवृत्ती केली. तिच्या काही प्रतींखाली त्याने जे नाव छापले ते 'गेश्राइ' हे, आणि त्यासोबत निसर्गातून जाणारा तो मोठा आक्रोश मला जाणवला, अशा आशयाची एक ओळ. २०१९ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने मुंकच्या मुद्राचित्रांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्या ओळीकडे मुद्दाम लक्ष वेधण्यात आले : आकृती किंचाळत नसून ऐकते आहे, असा तिचा रोख आहे. 'गेश्राइ' हा समूहवाचक शब्द एका तोंडातून निघणाऱ्या आवाजाला तसा लागूही पडत नाही. तो विश्वाच्या कोलाहलालाच शोभतो.

याच दोन शब्दांवर उत्तर युरोपात एक जुनी म्हण आहे. डुकराची लोकर कातरायला बसलेल्या माणसाची ती गोष्ट : किंकाळी फार, लोकर थोडी. जर्मनमध्ये ती 'गेश्राइ' वापरून सांगतात, नॉर्वेजियनमध्ये 'स्क्रीक' वापरून. आपल्याकडच्या 'गर्जेल तो पडेल काय' या म्हणीची ती चुलत बहीण म्हणावी. म्हणजे मुंकने ज्या शब्दाने आपल्या सर्वांत भयंकर अनुभवाला नाव दिले, तोच शब्द त्याच्या शेजारीपाजारी तान्ह्या मुलासाठी, पाखरांसाठी, भडक कापडासाठी आणि पोकळ बडबडीसाठीही वापरला जात होता. अशा वेळी तत्त्वचिंतकांच्या कोशातला एखादा जड शब्द घेण्याचा मोह दुसऱ्या कलावंताला झाला असता. मुंकने रोजचा शब्द घेतला. या निवडीचे महत्त्व पुढे लक्षात येईल.

५

किंकाळी निसर्गाकडून माणसाकडे सरकली कशी? त्याची सुरुवात चित्रकाराच्या हयातीतच झाली. १८९२ च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या कलावंत संघाने मुंकला निमंत्रण देऊन त्याचे प्रदर्शन भरवले आणि सभासदांच्या संतापामुळे ते आठवडाभरातच बंद केले. त्या गदारोळाने मुंकचे नाव जर्मनीभर झाले. १८९५ मध्ये क्रिस्तियानियात चित्रे लागली, तेव्हा विद्यार्थी संघटनेच्या एका सभेत त्यांवर वाद झाला आणि योहान शार्फेनबर्ग या वैद्यकाच्या तरुण विद्यार्थ्याने चित्रकाराच्या मानसिक स्वास्थ्याबद्दलच शंका उपस्थित केली. चित्रावरची चर्चा चित्रकाराच्या निदानाकडे वळली ती अशी.

१८९३ च्या रंगचित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, लाल आकाशात, पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेले एक वाक्य आहे. हे केवळ एखाद्या वेड्यानेच रंगवलेले असू शकते, असा त्याचा अर्थ. १९०४ मध्ये कोपनहेगन येथील प्रदर्शनात ते प्रथम एका समीक्षकाच्या नजरेस पडले. कोणा चिडलेल्या प्रेक्षकाने ते खरडले असावे, असे अनेक वर्षे मानले जात होते. २०२१ मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने अवरक्त छायाचित्रणाच्या साहाय्याने ते अक्षर मुंकच्या पत्रांतील व रोजनिशीतील अक्षराशी ताडून पाहिले आणि ते मुंकचेच असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. १८९५ च्या वादानंतर केव्हातरी त्याने ते लिहिले असावे, असा संग्रहालयाचा तर्क आहे. ज्याच्या घराण्यातच मनोविकार होता आणि जो स्वतः पुढे १९०८–०९ मध्ये कोपनहेगनच्या रुग्णालयात दाखल झाला, त्याने टीकाकारांचा शेरा आपल्याच चित्रावर आपल्याच हाताने लिहून ठेवला. हा उपहास होता, की जखम, की कबुली? तिन्ही एकत्र असू शकतात. परंतु जगाने जो अर्थ उचलला तो सोपा होता : किंकाळी वेड्याची आहे. निसर्ग ऐकू येण्याचा प्रश्न तेथे संपला. उरले ते एका रुग्णाचे आत्मचित्र. जीवनचरित्रातून चित्र वाचण्याचा मोह आवरावा असे वर म्हटले, ते यासाठी.

या सोप्या अर्थाचे राजकीय रूपही पुढे दिसले. १९३७ मध्ये नाझी राजवटीने 'अवनत कला' ठरवून जर्मन संग्रहालयांतून काढलेल्या कलाकृतींत मुंकच्या ८२ कलाकृती होत्या. कलावंत रुग्ण आहे, म्हणून कला रुग्ण आहे, हे तर्कट १८९५ च्या सभेतल्या शंकेपासून फार दूर नव्हते. १९४० मध्ये नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात गेला. ओस्लोच्या सीमेवरील एकेली येथील घरात मुंक हजाराहून अधिक चित्रांच्या सोबतीने राहत होता. ती सारी त्याने मृत्युपत्राने ओस्लो शहराला दिली. २३ जानेवारी १९४४ रोजी तो वारला. त्या काळात युरोपात खऱ्या किंकाळ्या किती उठत होत्या आणि किती जण 'मित्र पुढे चालत राहिले' तसे पुढे चालत होते, हे वेगळे सांगायला नको.

६

युद्धानंतर चित्राचे दुसरे आयुष्य सुरू झाले. मुळात ते एकच चित्र नाही : १८९३ ची दोन (एक रंगचित्र, एक क्रेयॉनमधले), १८९५ चे पेस्टलमधले एक, १९१० च्या सुमाराचे आणखी एक रंगचित्र आणि शिळाछाप. मुंकने स्वतःच ते पुन्हा पुन्हा केले आणि छापून पसरवले. त्यामुळे पुढच्या काळातल्या प्रतींच्या लाटेला दोष देताना थोडे जपून बोलले पाहिजे.

मार्च १९६१ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने अपराधभाव आणि चिंता या विषयावरच्या अंकाच्या मुखपृष्ठावर ही आकृती छापली. अणुबाँबच्या छायेतल्या पिढीला ती आपली वाटली. १९७० मध्ये आर्थर यानोव्ह या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचे 'द प्रायमल स्क्रीम' हे पुस्तक आले. दडपलेले दुःख किंचाळून बाहेर काढावे, हा त्याचा उपचार. जॉन लेनननेही तो घेतला. किंकाळी आता रोगाचे लक्षण न राहता औषध झाली. चित्रपटसृष्टीत तर ती तयार मालच झाली होती. १९५१ च्या एका हॉलिवूडपटासाठी ध्वनिमुद्रित केलेली एका पुरुषाची किंकाळी ध्वनिसंग्रहात जपली गेली, १९५३ च्या चित्रपटातल्या विल्हेम नावाच्या शिपायावरून तिचे नाव पडले आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'पासून ती असंख्य चित्रपटांत गमतीची खूण म्हणून वापरली गेली. कोणाच्या वेदनेची, हे विचारण्याची गरज नसलेली, फिती कापून कुठेही जोडता येणारी किंकाळी.

१९८४ मध्ये अँडी वॉरहॉलने मुंकच्या चित्रावरून रंगीबेरंगी छापे केले. १९९० मध्ये 'होम अलोन'च्या जाहिरातीत एक गोंडस मुलगा गालांवर हात ठेवून तोंड वासताना दिसला. १९९६ मध्ये वेस क्रेव्हनचा 'स्क्रीम' आला आणि त्यातल्या खुन्याचा पांढरा मुखवटा जगभर विकला गेला. येथे एक विलक्षण उलटापालट झालेली आहे, तिची नोंद घ्यायला हवी : मूळ चित्रातली आकृती भीतीने गोठलेली आहे, तर मुखवट्यातली आकृती भीती घालते. २०१० मध्ये युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत भीतीने किंचाळणारा एक चेहरा इमोजींमध्ये आला. गालांवर हात, निळसर कपाळ, वासलेले तोंड. आज तो परीक्षेचा निकाल, क्रिकेटचा सामना, भाजीचे भाव, काहीही पाहून पाठवला जातो. इंग्रजीत 'अ स्क्रीम' म्हणजे अतिशय विनोदी माणूस किंवा प्रसंग, आणि जर्मनमध्येही अति हास्यास्पद गोष्टीला 'किंचाळावे अशी' म्हणतात, हे लक्षात घेतले तर हा प्रवास शब्दाच्या पोटात आधीपासूनच होता, असे म्हणावे लागते.

चित्र चोरीलाही गेले, तेही दोनदा. १२ फेब्रुवारी १९९४ रोजी, लिलेहामरच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, चोरांनी ओस्लोच्या राष्ट्रीय कलादालनाच्या खिडकीतून शिरून ते नेले आणि ढिसाळ सुरक्षेबद्दल आभार मानणारी चिठ्ठी मागे ठेवली. मे महिन्यात ते परत मिळाले. २२ ऑगस्ट २००४ रोजी शस्त्रधारी दरोडेखोरांनी मुंक संग्रहालयातले दुसरे रंगचित्र भरदिवसा नेले. ते ३१ ऑगस्ट २००६ रोजी सापडले. २ मे २०१२ रोजी १८९५ चे पेस्टल न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १२ कोटी डॉलरना विकले गेले. तोवर लिलावात कोणत्याही कलाकृतीला एवढी किंमत आली नव्हती. त्या पेस्टलच्या चौकटीवर मुंकने आपल्या हाताने तोच नीसचा अनुभव रंगवून लिहिलेला आहे. बातम्यांत आकडा आला, चौकटीवरचे शब्द क्वचितच आले.

७

दरम्यान शास्त्रज्ञांनी आकाशाचा शोध चालवला होता. १८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याच्या धुळीने पुढे कित्येक महिने युरोपातले सूर्यास्त लाल झाले. मुंकने तेच आकाश पाहिले असावे, असे अमेरिकेतल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुचवले. २०१७ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी दुसरा तर्क मांडला : हिवाळ्यात अति उंचीवर क्वचित दिसणारे शिंपल्यासारखे चमकणारे, लहरींचे ढग ही त्या पट्ट्यांची प्रेरणा असावी. तिकडे चित्राच्या रासायनिक तपासण्याही झाल्या. १८९३ च्या चित्रावरचा पांढरा डाग पक्ष्याची विष्ठा नसून मेणाचा आहे, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले. १९१० च्या सुमाराच्या चित्रातला कॅडमियमचा पिवळा रंग ओलसर हवेने उडतो आहे, असे २०२० मध्ये दिसून आले.

साहित्याच्या माणसाने अशा शोधांकडे नाक मुरडू नये. किंकाळी माणसाच्या डोक्यात नव्हती, बाहेर काहीतरी खरोखर घडत होते, ही मुंकची मूळ साक्ष या शोधांमुळे गंभीरपणे घेतली जाते. वेड्याचे चित्र म्हणून मिटवलेले प्रकरण त्यांनी पुन्हा उघडले. अर्थात ढगांचे नाव कळल्याने किंकाळीचे स्पष्टीकरण मिळत नाही. तेच आकाश दोन मित्रांनीही पाहिले होते.

८

आता आपल्या भाषेपुरते. या चित्राचे नाव मराठीत सहसा 'किंकाळी' असे देतात. किंकाळी एक असते, तीक्ष्ण असते, ती 'फोडायची' असते आणि तिला एक तोंड लागते. म्हणजे मराठी नाव आकृतीच्या तोंडाकडे बोट दाखवते. 'श्राइ'चा अर्थ त्यात येतो, 'गेश्राइ'चा येत नाही. 'आक्रोश' हा पर्याय व्यापक आहे, पण मोर्चांच्या फलकांनी तो आता विशिष्ट अर्थाने भरून टाकला आहे. 'टाहो' जवळचा वाटतो, कारण तोही 'स्क्रीक'सारखा तान्ह्या मुलाच्या रडण्याशी नाते सांगतो. मात्र टाहो कोणाला तरी उद्देशून फोडलेला असतो, आणि मुंकची किंकाळी कोणालाच उद्देशून नाही. 'हंबरडा' तर गाईच्या हंबरण्यातून माणसाच्या शोकात आलेला शब्द. निसर्ग आणि माणूस यांच्यातली सीमा पुसणारा. परंतु हंबरड्यात शोक आहे, भय नाही. 'आकांत' समूहवाचक आहे, सर्वत्र पसरणारा आहे. 'गेश्राइ'च्या सर्वांत निकट तोच येईल, असे आम्हांला वाटते.

रोजच्या वापरात हे शब्द आपल्याकडेही झिजले आहेतच. शिमग्याला पालथी मूठ तोंडावर आपटून मारायची ती 'बोंब' वर्षभर 'पाण्याची बोंब', 'पैशांची बोंब' म्हणून नुसती टंचाई सांगते. 'ओरड' हा शब्द वर्तमानपत्रात गेला आणि तक्रार झाला. 'अशी नागरिकांची ओरड आहे' असे छापले की कोणाच्याही कानठळ्या बसत नाहीत. दुःखाचा शब्द प्रशासकीय होतो तेव्हा तो ऐकू येईनासा होतो. हे नॉर्वेत घडते तसे येथेही घडते.

आणि एक वाक्प्रचार तर जणू या चित्रासाठीच मराठीने राखून ठेवला आहे : कानांवर हात ठेवणे. त्याचा अर्थ आवाज सहन न होणे असा आपण घेत नाही. 'मला यातले काही ठाऊक नाही, माझा याच्याशी संबंध नाही' असे सांगून अंग काढून घेणे, असा घेतो. मराठी वाचक हे चित्र पाहतो तेव्हा हा दुसरा अर्थ त्याच्या मनात असतोच. समोरची आकृती आकांत ऐकून कोसळते आहे, की तो न ऐकण्याची धडपड करते आहे? चित्र दोन्ही म्हणते. ऐकू आले नसते, तर हात वर गेलेच नसते. मागच्या दोघांचे हात खाली आहेत, कारण त्यांना झाकण्यासारखे काही ऐकूच आलेले नाही. अनुवादात पुष्कळ हरवते असे आपण म्हणतो. येथे आपल्या भाषेतल्या एका जुन्या वाक्प्रचाराने चित्राला एक जास्तीचा, नैतिक प्रश्न बहाल केला आहे.

९

रोजच्या वापराने थोर कलाकृती स्वस्त होते, अशी खंत करण्याची आपली पद्धत आहे. इमोजी आणि मुखवटा पाहून तीच खंत येथेही करता येईल. परंतु मुंकने जो शब्द निवडला तो स्वस्तच होता; लेकरांचा, पाखरांचा, बाजाराचा होता. भयाचा अनुभव उंच भाषेत नव्हे, तर दाराबाहेर रोज ऐकू येणाऱ्या शब्दात आपल्यापर्यंत येतो, हे त्याला ठाऊक असावे. हानी झाली ती वापरामुळे नव्हे. किंकाळीला एकाच तोंडात कोंबल्यामुळे झाली : आधी वेड्याच्या, मग रुग्णाच्या, मग खुन्याच्या, शेवटी पिवळ्या गोल चेहऱ्याच्या. किंकाळीला मालक मिळाला की इतरांची तिच्यातून सुटका होते.

म्हणून हे चित्र शिकवताना नाव आधी सांगू नये, असे सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना फक्त रेषा पाहू द्याव्यात, हात कुठे आहेत ते पाहू द्यावे, मागचे दोघे कसे चालले आहेत ते पाहू द्यावे आणि मग विचारावे, की या चित्राला मराठीत काय म्हणाल. 'किंकाळी', 'आकांत', 'टाहो', 'हंबरडा' यांपैकी जो शब्द वर्गातून येईल, त्याबरोबर किंचाळणारा कोण आणि ऐकणारा कोण, याचा एक निर्णयही झालेला असेल. तो निर्णय उघड करून त्यावर बोलणे, हे साहित्याच्या तासाचे खरे काम आहे.